प्रभुभोजनाची कणीक

आई, सोमवारी मी आता दार उघडत नाही. सकाळी आतून कडी घालते, चहा करते आणि पलंगावर पाय घेऊन बसते. सुरुवातीला चर्चच्या मंडळीतल्या लोकांना हे खरंच वाटेना. एक जण तर खिडकीशी येऊन ओरडला, "पास्टरम्मा, घरात हाय का?" मी आतूनच म्हटलं, "नाही." तो बिचारा "बरं बरं" म्हणत निघून गेला आणि मी तोंडावर उशी धरून हसले. तुला हे मुळीच आवडलं नसतं. तुझ्या वेळी या घराच्या दाराला कडी होती की नाही हेच मला आठवत नाही. घर तेच आहे, चर्चच्या मागच्या दोन खोल्या, ज्यांना आदिलाबादेत अजूनही सगळे बंगला म्हणतात. पप्पांच्या नंतर इथे कितीतरी पाळक येऊन गेले, आणि मग गावोगावची चर्चं फिरून मीच या घरात पाळक म्हणून आले. पास्टरम्मा तुलाही म्हणायचे, पाळकाची बायको म्हणून. मलाही तेच म्हणतात. नवीन माणूस आला की माझ्या खांद्यावरून आत बघतो आणि विचारतो, "पास्टरगारू कुठं आहेत?" मी म्हणते, "समोर उभे आहेत." मग तो जरा गोंधळतो आणि आम्ही दोघं कामाचं बोलायला लागतो.

तुझ्याशी बोलायचं आहे ते परातीबद्दल. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, उपासनेत सगळ्यांनी प्रभूच्या नावानं भाकरीचा तुकडा घ्यायचा, आणि ती भाकर आपल्याकडे विकत आणत नव्हते. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तुझ्या स्वयंपाकघरात तिची कणीक मळली जायची. मळायची कुणी, तर त्या महिन्यात ज्यांचं भांडण झालं असेल त्या दोघांनी. एकाच पितळी परातीत, समोरासमोर बसून. मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजाशी जाऊ नये, हे पप्पा उपदेशात सांगायचे, सगळेच पाळक सांगतात. ते हातांनी करून घ्यायची युक्ती मात्र तुझी होती. मला त्या कापूस बाजारामागच्या दोघी जावा आठवतात. एकीच्या कोंबडीनं दुसरीची वाळत घातलेली मिरची उधळली आणि त्यावरून घरात दोन चुली झाल्या. दोघी परातीशी बसल्या त्या एकमेकींकडे पाठ करूनच, जेवढी पाठ परातीत हात घालून करता येते तेवढी. थोरली म्हणाली, "सारं मीच मळून राह्यली, तुह्या बाजूचं कोन मळंन?" धाकटी म्हणाली, "तुही कोंबडी मळंन." तू पदराआड हसलीस, मी उघड हसले, आणि मग त्या दोघी अशा खदखदल्या की पीठ उडून तुझ्या केसांवर बसलं. तू चहा ठेवलास. तुझं नेहमीचं एकच बोलणं असायचं, "मळा बाई, मन हलकं होते." व्हायचंही. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून तर पुढचं सांगणं मला इतकं जड जात होतं.

मी नववीत होते. चर्चच्या कंपाउंडातल्या मुलींच्या वसतिगृहात शिवण शिकवायला एक तरुण बाई होती, नेरडीगोंड्याकडची. बारीक अंगाची, हसताना हात तोंडावर ठेवणारी. तिनं मला फ्रॉकला खिसा लावून दिला होता, तोही आतून, तुझ्या नकळत चिंचा ठेवण्यासाठी. एके दिवशी ती आपल्या स्वयंपाकघरात आली. तू वांगी चिरत होतीस. तिनं सांगितलं की मंडळीचे सेक्रेटरी तिला चर्चच्या सामानाच्या खोलीत अडवतात, दार लावून घेतात. एकदा नाही, पुष्कळदा. मी ओट्याखाली तांदळाचा डबा काढत होते, मी ते सगळं ऐकलं. तू विळी बाजूला सारलीस, तिला जवळ घेतलंस आणि दोघी रडलात. ते रडणं खरं होतं, आई, त्याबद्दल मला कधीच शंका आली नाही. तू पप्पांना सांगितलंस, पप्पांनी मंडळीच्या पंचांना सांगितलं. पंच म्हणाले, चर्चची गोष्ट चर्चमध्येच राहावी, मामला राजी करून टाका. आणि मामला राजी करायची आपल्याकडे एकच रीत होती.

शनिवार आहे. सेक्रेटरी पाटावर बसले आहेत, बाह्या दुमडून, हात स्वच्छ धुऊन. समोर ती. मी तांब्या घेऊन उभी आहे. "घाल पानी, बेटा," ते मला म्हणतात, प्रसन्न आवाजात. त्यांनी कणकेत दोन्ही हात घातले आहेत आणि गुणगुणत आहेत. तिची बोटं परातीच्या काठावर आहेत. ती पुढे सरकत नाहीत. मी विचारलं, "आई, तिनं काऊन मळायचं?" तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "परातीपुढं तोंड चालवू नको." मला तू क्वचितच रागवायचीस, त्यामुळे ते फार लागलं. मग तू तिच्यामागे जाऊन बसलीस, तिच्या पाठीवरून हात फिरवलास आणि इतक्या मायेनं म्हणालीस, "मळ बाई, मन हलकं होते." तिनं हात घातले. दुसऱ्या दिवशी तिनं भाकरही घेतली, सगळ्यांसमोर, आणि पंचांनी पप्पांचा हात हातात घेऊन दाबला. पुढच्या महिन्यात ती बसनं गेली. तू तिला दशम्या बांधून दिल्यास. ती परत आली नाही, तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि तू तिचं नाव पुन्हा काढलं नाहीस. परात मात्र दर महिन्याला निघत राहिली.

तुझा डावा हात दुखायचा. तू स्टुलावर बसून तो उजव्या हातानं दाबायचीस आणि सगळे म्हणायचे, कणीक मळून मळून बाईचा हात भरून येतो. कुणी तुला दवाखान्यात नेलं नाही, कारण तू कधी स्वस्थ बसलीसच नाहीस. बसलीस तरी समोर कुणीतरी स्वतःचं दुःख घेऊन बसलेलं असायचं. तू गेलीस त्या दिवशीसुद्धा ओट्याशी कुणाची तरी सून रडत होती, आणि तू पडलीस तेव्हा आधी तिलाच वाटलं की तू तिच्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना करते आहेस. अंत्यविधीला कितीतरी बायका म्हणाल्या, देवमाणूस होती. मला तेव्हा तुझा राग आला होता, कशाचा ते कळत नव्हतं. आता कळतं. तू सगळ्यांचं पोटात घेतलंस, आणि त्यात त्या सेक्रेटऱ्याचंही घेतलंस.

आता या वर्षीचं सांगते. तुझ्यानंतरही परात याच घरात राहिली आणि निघत राहिली, मी पाळक म्हणून आल्यावरही. आपल्या गायनमंडळात एक मुलगी कीबोर्ड वाजवते. बी.एड. करते, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. एका मंगळवारी ती स्वयंपाकघरात आली, मी मेथी निवडत होते. ती बराच वेळ माझ्याबरोबर मेथी निवडत बसली. मग तिनं गायनमंडळाच्या प्रमुखांचं नाव घेतलं. निवृत्त मास्तर, पंचांमधले थोरले. तालमीनंतर घरी सोडतो म्हणून गाडीत बसवायचे आणि गाडी भलतीकडेच न्यायचे. आई, या माणसानं मला इथे आणलं होतं. बाई पाळक नको म्हणून अर्धी मंडळी हटून बसली होती तेव्हा हाच उभा राहिला आणि म्हणाला, ही आपल्या घरची लेक आहे. मला बेटी म्हणायचा. मुलगी बोलत होती आणि माझ्या मनात, लाज वाटते सांगायला, आधी त्याचाच चेहरा येत होता. मी तिला विचारलं, "इतके दिवस का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगतलं का परात निघते ना, ताई. आमी साऱ्या पोरी म्हणतो, सोसून घ्या, पण सांगू नका. मले त्यायच्यासंगं परातीत हात घालायचा नाई." तिला पोलिसांची भीती नव्हती, लोकांच्या बोलण्याचीही तेवढी नव्हती. तिला तुझ्या परातीची भीती होती. मी हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हटलं, "परात निघणार नाही." तिनं माझ्याकडे असं बघितलं, की बरं, बघू.

पंचांना कळायला वेळ लागला नाही. ते सगळे बंगल्यात आले, मास्तर सोडून. त्या दोघी जावांपैकी थोरलीही आली, आता पार म्हातारी झाली आहे, काठी टेकत येते. पंचांमधला एक म्हणाला, "पास्टरम्मा, तुमच्या आईच्या परातीनं किती घरं जोडली. मास्तर तयार हाय. शनिवारी बसवा दोघायले, रविवारी सारं शांत." मी म्हटलं, "भांडण असतं तर बसवलं असतं. तिनं कुणाशी भांडण केलंय?" मग दुसरा म्हणाला, मंडळीची अब्रू जाईल, बाहेरचे हसतील, क्षमा करायला प्रभूनंच शिकवलं आहे. मी म्हटलं, "क्षमा तिची आहे. ती तिला वाटेल तेव्हा देईल, नाही वाटलं तर नाही देणार. तुम्ही आणि मी ती तिच्या हातून काढून घेऊ शकत नाही. उद्या मी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाते आहे." मग म्हातारी उठली आणि म्हणाली, "तुही माय असती तं हे झालं नसतं." मी म्हटलं, "हो मावशी." ती रडत गेली, आणि त्या रविवारपासून चर्चला आली नाही. मला तिचं फार वाईट वाटतं. दुसऱ्या कुणाचं जाणं मला इतकं लागलं नाही.

ठाण्यात गेलो. मुलगी, तिची आई आणि मी. तिथल्या बाई अधिकाऱ्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पंखा आमच्याकडे वळवला आणि मुलीला म्हणाल्या, घाई नाही. मुलगी मराठीत सुरू करायची आणि जिथे बोलवेना तिथे तेलुगूत शिरायची, जणू दुसऱ्या कुणाचं सांगते आहे. तिची आई सारखी पदर पिळत होती. बाहेर आल्यावर आम्ही तिघींनी उसाचा रस प्यायला, आणि मुलगी म्हणाली, "ताई, भूक लागली." मग तिथेच भजीही खाल्ली. चर्चच्या वरच्या कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला, मला न विचारता एवढं मोठं पाऊल का उचललंत म्हणून. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला कळवायचं ते कळवलं होतं, विचारायचं मात्र तिला होतं. मास्तरांना धरलं, मग जामीन झाला, आता प्रकरण कोर्टात आहे. पंचांतून त्यांना काढलं, तेही भांडून. आणखी दोन मुली पुढे आल्या. काही घरं दुसऱ्या चर्चला गेली, आता पुढचे बाक मोकळे दिसतात. गायनमंडळ तर बसलंच. आम्ही सगळे मिळून बेसूर गातो.

मी पण बसले, खरं सांगायचं तर. या सगळ्यात झोप उडाली, जेवण जाईना, उपदेश सांगता सांगता शब्द सापडेनासा व्हायचा. एक दिवस डावा हात भरून आला आणि मी तुझ्यासारखीच स्टुलावर बसून तो दाबायला लागले. तेव्हा मात्र घाबरले. दवाखान्यात गेले. तुझ्यासारखं हृदयाचं काही नव्हतं, डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतली?" मला आठवेना. त्यांनी मला मन मोकळं करायला एका समुपदेशकाकडे पाठवलं, आणि मी, जिच्यासमोर गाव रडतं ती, तिथे जाऊन तासभर रडले. तो सोमवारचा दिवस होता. तेव्हापासून सोमवार माझा. मध्ये मुधोळला बहिणीकडे आठवडाभर राहून आले, नुसती जेवले आणि झोपले. परात जाताना बरोबर नेली आणि तिला देऊन टाकली. ती तिच्यात पापडाचं पीठ भिजवते आणि पापड फार छान होतात. पंचांना वाटतं मी ती लपवली आहे.

मुधोळहून आल्यावर परातीशिवायचं पहिलं प्रभुभोजन झालं तो रविवार सांगते, मधले महिने मेज मांडलंच नव्हतं. भाकर मी बाजारातल्या बेकरीतून आणली, साधा पाव. एक आजोबा कुरकुरले, "पावानं काय होते?" मी म्हटलं, "आजोबा, तुमचे दात तर खूश होतील," तर ते हसले. मुलगी आली होती, ठाण्यानंतर पहिल्यांदाच. आईबरोबर शेवटच्या बाकावर बसली. मी मेजाशी उभी होते. ताट एकेका बाकावरून मागे जात होतं. मी बघायचं नाही असं ठरवूनही बघत होते. तिच्याकडे ताट आलं, तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर त्यात बघितलं आणि न घेता पुढे दिलं. इतकं करून ही गेलीच आपल्या हातून, असं वाटलं. उपासना संपल्यावर मी मुद्दाम दारात रेंगाळत राहिले. ती चपला शोधत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, आज नाई घेतलं मी. चालते ना?"

"चालते."

"पुढच्या बारीनं बी नाई वाटलं तं?"

"तरी चालते."

"अन् कधीच नाई वाटलं तं?"

"तरी इथं येऊन बस. नाही बसलीस तरी मी तुला भेटायला येईन, सोमवार सोडून."

तेव्हा तिनं वर बघितलं आणि हसली. तिची बस होती, ती आईचा हात धरून पळालीच. मी दारात उभी राहिले, आणि आई, मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी पायरीवर खाली बसले. आत पाव उरला होता, पोरं तो खात होती, त्यांना कुणी रागवत नव्हतं. कोर्टाचं काय होईल मला माहीत नाही. मंडळी पुन्हा भरेल की नाही तेही नाही. पण तिनं मला विचारलं आणि मी तिला नाही म्हणू दिलं. कुणाची पाठ थोपटली नाही, कुणाला समजावलं नाही. घरी येऊन मी जेवले आणि दुपारी गाढ झोपले.

ईस्टरच्या सकाळी आम्ही सगळे कब्रस्तानात येऊ. तुझ्या कबरेवर झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन येईन, पण हा कागद घरीच राहील, कारण पुढचं मी तुझ्यासमोर उभी राहून बोलू शकणार नाही. सगळे मला सांगतात, तुझी आई असती तर. मी दर वेळी मान हलवते. त्या रविवारी ताट तिच्या हातून पुढे गेलं तेव्हा माझ्याही मनात ते आलं, आणि त्याच्या पाठोपाठ आलं की बरं झालं, तू नाहीस. तू असतीस तर उठून तिच्या बाकाशी गेली असतीस, पाठीवरून हात फिरवला असतास आणि म्हणाली असतीस, "घे बाई, थोडंसं घे." आणि तिनं घेतलं असतं. तुझ्या मायेला नाही म्हणणं कुणालाच जमलं नाही, आई, आणि मलाही जमलं नसतं.